हिमालयन ४५० की केटीएम ३९० ॲडव्हेंचर? ताम्हिणी-वरंधच्या एकाच वाटेवर दोन्ही चालवल्यानंतर

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

माझ्याकडे रॉयल एन्फिल्डची २०१८ची जुनी हिमालयन आहे, ४११ सीसीची. ६२ हजार किलोमीटर झालेत. २४.५ पीएस ताकदीची ही गाडी आम्हा दोघांना घेऊन गोकर्णापर्यंत जाऊन आली, दापोलीला किती वेळा गेली याची तर मोजदादच नाही. पण हल्ली दोघांची वजनं, दोन बॅगा आणि खंबाटकीचा चढ एकत्र आले की ट्रकमागून बाहेर पडायला जीव कमी पडतो. चौथ्यातून तिसऱ्यात टाकतो, आवाज वाढतो, ट्रक मात्र शेजारीच राहतो. बायकोची माझ्या जॅकेटवरची पकड त्या क्षणी घट्ट होते, ती मला जाणवते. म्हणून गाडी बदलायचं ठरवलं.

डोक्यात दोनच गाड्या आहेत. नव्या शेर्पा इंजिनाची हिमालयन ४५० आणि २०२५ मध्ये आलेली नवी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, २१ इंची पुढच्या चाकाची. कोथरूडच्या गल्लीत दोन किलोमीटर फिरवून एवढ्या पैशांची गाडी ठरवणं मला पटत नव्हतं. मावसभावाकडे हिमालयन आहे, ऑफिसातल्या मित्राकडे केटीएम. दोघांनी मोठ्या मनाने एकेक शनिवार-रविवार गाड्या दिल्या. त्या दोघांचे आभार आधी मानतो, कारण आपली गाडी दुसऱ्याला घाटात न्यायला देणं ही साधी गोष्ट नाही.

वाट दोन्ही वेळा एकच ठेवली. धायरीहून पहाटे साडेपाचला निघायचं, चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीच्या पाण्याच्या कडेने ताम्हिणी उतरायचा, निजामपूरवरून माणगाव, तिथून महाड, मग वरंध चढून नीरा देवघरच्या काठाने भोर आणि कापूरहोळला हायवेला लागून घरी. साधारण पावणेतीनशे किलोमीटर. दोन्ही वेळा डबलसीट, त्याच दोन बॅगा, हवा पुस्तकात दिलेली. रविवारी मी एकटाच, पाबे घाटातून वेल्हे आणि पुढे केळदच्या बाजूच्या कच्च्या वाटा.

आधी इंजिनाबद्दल, कारण माझ्या मते सगळा फरक तिथून सुरू होतो. दोन्ही एका सिलिंडरची, लिक्विड-कूल्ड. पण हिमालयनचा सिलिंडर ८४ मिमी रुंद आणि पिस्टनची धाव ८१.५ मिमी. केटीएमचा सिलिंडर ८९ रुंद आणि धाव फक्त ६४. आखूड धावेचं इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळं पळतं, लांब धावेचं खालीच ओढ धरतं. आकड्यांतही तेच दिसतं: हिमालयनचा ४० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, ५,५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) मिळतो, केटीएमचा ३९ एनएम ६,५००ला. ताकद मात्र केटीएमची जास्त, ४६ पीएस. हिमालयनची ४०.

एका एनएमचा फरक कुणाला कळणार, असं मलाही वाटायचं. वरंधमध्ये कळलं. टॉर्क कितीपेक्षा तो कुठे मिळतो, ते तिथे महत्त्वाचं. माझेरीच्या वर एक डावं वळण आहे, आतल्या बाजूने इतकं चढं की गाडी जवळपास थांबते. रुंदीकरणाच्या कामामुळे तिथे काँक्रीट संपून खडी लागत होती. वरून एसटी आली. मी वळणाच्या पोटात थांबलो, एसटी गेली, आणि तिथून निघायचं होतं. मागे बायको, बॅगा, उजवा पाय ब्रेकवर, डावा पाय खडीत. हिमालयनने क्लच सुटता सुटता उचललं आणि वीस पावलांत दुसरा पडला, पुढची तीन वळणं दुसऱ्यातच निघाली. पुढच्या शनिवारी त्याच वळणाला केटीएमला मला जास्त फेऱ्या द्याव्या लागल्या, हाफ क्लचवर थोडी खेचावी लागली, आणि वळणांना पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चालू राहिलं.

पण तीच केटीएम माणगाव-महाड पट्ट्यात आली आणि मी हरखून गेलो. ओव्हरटेकला नुसता मनगटाचा इशारा पुरतो. क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर आहे, वेग धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल आहे. पुढचं चाक वळणात जिथे ठेवाल तिथे जातं. ताम्हिणीचा उतार मी एकटा असतो तर पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरलो असतो. एकट्या माणसाला ही गाडी वेड लावेल, यात मला शंका नाही.

बायकोचं मत मात्र या दोन शनिवारांतच ठरलं. हिमालयनवर ती वाघजाईपाशी भजी खायला उतरली आणि सरळ चालत गेली. केटीएमवरून उतरल्यावर आधी गाडीला धरून दोन मिनिटं उभी राहिली, गुडघे सरळ केले. भोरच्या अलीकडच्या खड्ड्यांत दोनदा कमरेत हिसका बसला, म्हणाली.

आता वजन. हिमालयन १९६ किलो, केटीएम १८३च्या आसपास. रस्त्यावर उभ्या गाडीत हा फरक समजत नाही. आडवी झाल्यावर समजतो. केळदच्या अलीकडे एका शेताच्या बांधावरून गाडी वळवत होतो. अवकाळी पाऊस होऊन गेलेला. डावा पाय टेकवला तिथे गवताखाली वीतभर खड्डा होता. पाय खाली गेला आणि त्याच्यामागून हिमालयन हळूच आडवी झाली. गाडीचा काही दोष नव्हता, पाय टेकवायची जागा मी बघून घ्यायला हवी होती. एकट्याने उचलायला गेलो तर बूटच घसरत होते. खालच्या खाचरातून एक मामा धावत आले. "आवो थांबा, एकल्यानं नका उचलू, कंबर जाईल." दोघांनी मिळून उभी केली. साइड स्टँड लावला तर तो चिखलात रुतायला लागला. मामांनी जाऊन जुन्या डब्याचा एक पत्रा आणला, चपटा ठोकलेला, आणि स्टँडखाली सरकवला. "घिऊन जावा, फुडं बी चिखूलच हाय."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे, आणि तोच तुम्हाला विचारतो. गाडीच्या तुलना वाचल्या की सगळ्या पळत्या गाडीच्या असतात. शून्य ते दहाच्या वेगात, चढावर, डबलसीट, खडीत किंवा चिखलात, गाडी आपल्या अंगावर किती येते याबद्दल कुणी बोलत नाही. माझी उंची पाच फूट सहा, वय ४६. ज्यांनी यातली एखादी गाडी वर्षभर चालवली आहे त्यांनी यावर लिहावं. मनापासून विचारतोय.

चाकणकर_स्वार

सह्यवाट दादा, फार कळकळीने लिहिलंय. मी नवी ३९० ॲडव्हेंचर रोज मोशी ते चाकण नेतो. ती बनते चाकणलाच, बजाजच्या कारखान्यात, त्यामुळे आम्हाला ती घरचीच वाटते. आपल्या नाशिक रस्त्याची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, शून्य ते दहाचा वेग हा माझा रोजचा दीड तास आहे! हलकी गाडी, सोपा क्लच आणि मोठा वळणारा हँडल यामुळे मी टिकून आहे. नवले पुलाखाली तुम्ही अडकता तसा मी तळेगाव चौकात अडकतो. पंखा सुरू झाला की नडगीला गरम वारा लागतो, तो कुठल्याही लिक्विड-कूल्ड गाडीत लागणारच.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. तुम्ही कॉर्नरिंग एबीएस आणि मागचं चाक जागच्या जागी फिरून घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा उल्लेखच केला नाही. साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण गाडी किती कललेली आहे हे त्याला माहीत नसतं. केटीएममध्ये कलण्याचा कोन मोजणारा सेन्सर आहे, त्यानुसार ब्रेकचा जोर कमी-जास्त होतो. जुलैत माळशेजला बोगद्याच्या पुढे उजव्या वळणात समोर अचानक लोकांच्या गाड्या उभ्या, धबधबा बघायला थांबलेले. गाडी कललेली असताना मी पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर हाताला थरथरली, गाडी थोडी उभी झाली आणि थांबली. मी घरी येऊन ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. तुम्ही पावसात ताम्हिणी-वरंध करणारी माणसं. हिमालयनमध्ये मागचं एबीएस बंद करता येतं, कच्च्या वाटेवर ते उपयोगीच आहे, पण ट्रॅक्शन कंट्रोल नाही. हा मुद्दा तराजूत टाका.

दुसरी. डबलसीट निघताना मागचा प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगचा ताण, वाढवला होतात का? केटीएमचं सस्पेन्शन पुढे कम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (परत वर येण्याचा वेग), मागे प्रीलोड आणि रिबाउंड असं हाताने बदलता येतं. मित्र एकटा फिरणारा असेल तर त्याने ते स्वतःच्या वजनाला लावलेलं असणार. त्यावर तुम्ही दोघं आणि बॅगा बसलात तर मागचा शॉक आधीच अर्धा दबलेला. वहिनींना खड्ड्यात हिसका बसला तो त्यामुळे असू शकतो. तेवढं करून पुन्हा एकदा चालवा, माझी विनंती आहे.

सह्यवाट

@चाकणकर, नाही वाढवला. दोन्ही गाड्यांना नाही. आहे त्या सेटिंगवर दोघं बसलो आणि निघालो. तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, अशी तुलना अपुरी. मित्राशी बोलतो, येत्या रविवारी निदान भोरपर्यंत पुन्हा जाऊन येऊ.

माळशेजचं वाचून काळजात धस्स झालं. सांभाळून रे.

ताम्हिणी_पाऊस

मी हिमालयन ४५० चालवते, दीड वर्ष झालं, १९ हजार किलोमीटर. उंची पाच फूट तीन. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सीट ८२५ मिमी आहे आणि ८४५ पर्यंत वर करता येते. मी कंपनीची बुटकी सीट घेतली, ८०५ची. तरी दोन्ही टाचा टेकत नाहीत, आणि आता मला टेकायलाही नकोत. गाडी शिकवताना मला सगळ्यांनी सांगितलं की दोन्ही पाय खाली हवेत. घाटात ते चूक ठरतं. एकच पाय टेकवायचा, पूर्ण, आणि दुसरा मागच्या ब्रेकवर. त्यासाठी थांबायच्या आधी दहा फुटांवरच ठरवायचं की डावा पाय कुठे पडणार. दादा, तुमच्या बांधावर तेच राहून गेलं. तिथे मी असते तर उतरून, पहिल्या गिअरमध्ये, चालत्या गाडीबरोबर पायी वळले असते. त्यात काही कमीपणा नाही.

उचलण्याबद्दलही सांगते, कारण मी एकटी फिरते आणि दर वेळी मामा धावून येत नाहीत. गाडी पडली की जमलं तर आधी गिअरमध्ये टाका म्हणजे ती घरंगळणार नाही. हँडल पूर्ण जमिनीच्या बाजूला वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने खालचं हँडल, दुसऱ्याने मागचा कॅरिअर किंवा फ्रेम. मग पाठ सरळ ठेवून नुसत्या पायांनी मागे ढकलत उभं राहा. छोटी छोटी पावलं. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी करून पलीकडे पाडाल. बॅगा आधी सोडवून घ्या. मी ५६ किलोची आहे, मला जमतं. कोरड्या मैदानावर जुनी चटई टाकून दोनदा सराव करा. दीडशे रुपयांच्या चटईने तुमची कंबर वाचेल.

टाकीचंही बघा. हिमालयनची १७ लिटर, केटीएमची १४.५. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो. भरलेल्या १७ लिटरचं बारा-साडेबारा किलो होतं आणि ते सगळं तुमच्या छातीसमोर, वर. कच्च्या वाटेला जायचं तर मी टाकी अर्धीच ठेवते. गाडी वेगळीच वाटते, करून बघा. मोठी टाकी लागते ती वेगळ्या ठिकाणी. टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे ना, लेहच्या वाटेवर, तिथे या जादा लिटरांनी मला शांतपणे फोटो काढू दिले. ताम्हिणी-वरंधला त्याचं ओझंच.

चाकणकरांच्या एबीएसच्या मुद्द्याला +१. मला ते माझ्या गाडीत हवं होतं.

सह्यवाट

@ताम्हिणी_पाऊस ताई, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून गॅरेजच्या दारावर लावलाय. हँडल जमिनीच्या बाजूला वळवायचं हे मला माहीत नव्हतं. मी सरळ ठेवून ओढत होतो.

पौडफाटा

वाचतोय. एक शंका. दादा, २१ इंची चाक खरंच लागतंय का? केटीएमची ॲडव्हेंचर एक्स आहे, पुढे १९ इंची अलॉय चाक, पैसेही कमी. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी झाला, त्याखालच्यांना १८. त्या हिशोबात हीरोची एक्सपल्स २१० पण बघायला हरकत नाही.

सह्यवाट

@पौडफाटा, एक्सपल्स २१० छान गाडी आहे, पण तिची ताकद माझ्या जुन्या गाडीएवढीच. माझा प्रश्नच डबलसीट चढाचा आहे. आणि २१ इंची चाक सोडवत नाही. केळदच्या वाटेवर डोक्याएवढे धोंडे आहेत, मोठं चाक त्यावर चढतं, लहान अडखळतं. करवाढीचं दुःख आहेच. आधी ३१ टक्के पडायचे.

स्पॅनर_१३

मी हडपसरला तेवीस वर्षं गॅरेज चालवतो. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या येतात, दोन्ही चांगल्या. कुठली घ्या हे सांगणार नाही. घेताना काय विचाराल ते सांगतो.

चाक. हिमालयन आली तेव्हा स्पोकची चाकं ट्यूबची होती. ट्यूबलेस स्पोकचा पर्याय २०२४ मध्ये आला. जी गाडी घ्याल तिच्या नेमक्या चाकाचं बिलावर लिहून घ्या. कारण असं: ट्यूबचं चाक पंक्चर झालं की हवा क्षणात जाते, आणि मागचं चाक काढायचं तर सेंटर स्टँड नसलेली गाडी दगडावर टेकवून काढावी लागते. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा ताम्हिणीत अडकला, रेंज नाही, तीन तास बसून होता. एका टेम्पोवाल्याने माणगावला सोडला. ट्यूबलेसला खिळा काढा, चिकट दोरी घाला, हवा भरा, वीस मिनिटं. पण लक्षात ठेवा, स्पोकची रिम दगडावर आपटून वाकली की ट्यूबलेसही हवा सोडतं. म्हणून सुटी ट्यूब एक जवळ असू द्या, दोन्ही चाकांत निभावते.

चेन. डबलसीट फिरणाऱ्यांनी चेन दोघं बसल्यावर तपासायची. ॲडव्हेंचर गाडीचं सस्पेन्शन लांब, माणसं बसली की चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बेताची वाटणारी चेन दोघं बसल्यावर तारेसारखी ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. माझ्याकडे असे बेअरिंग गेलेले येतात आणि गिऱ्हाईक म्हणतो गाडीच वाईट.

लिव्हर. क्लच आणि ब्रेकची एकेक सुटी लिव्हर सीटखाली. गाडी उभ्या जागी पडली तरी क्लच लिव्हर मोडू शकते आणि तेवढ्यावर ट्रिप संपते. फार महाग जिन्नस नाही.

आणि सर्व्हिस. शोरूमच्या चकचकीत काचेकडे बघू नका, मागे जाऊन वर्कशॉप बघा. घरापासून जवळ असलेलं सेंटर, तिथला एक मिस्त्री नावाने ओळखीचा, हे सगळ्यात मोठं स्पेअर.

चाकणकर_स्वार

काका, शेवटच्या वाक्याला साष्टांग. माझी पहिली गाडी एका सेंटरला अकरा दिवस एका सीलसाठी पडून होती, रोज फोन, रोज "उद्या". नाव लिहीत नाही. आता घरापासून चार किलोमीटरवर मिस्त्री आहेत, फोटो पाठवला की आवाज ऐकल्यासारखं निदान सांगतात.

सह्यवाट

आज पुन्हा जाऊन आलो. पूर्ण फेरी नाही, धायरी-कापूरहोळ-भोर-देवघरच्या काठापर्यंत आणि परत. केटीएमचा मागचा प्रीलोड मित्राने स्वतः वाढवून दिला, रिबाउंड दोन क्लिक. दुपारी मावसभावाच्या हिमालयनचाही प्रीलोड वाढवून त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. बायको दोन्ही वेळा आली. एका दिवसात दोनदा भोर, पण तक्रार नाही केली.

चाकणकर, तू बरोबर होतास. केटीएमचं मागचं टोक ओळखू न येण्याइतकं सुधारलं. भोरच्या अलीकडचे तेच खड्डे, कमरेला हिसका नाही. हे मी पहिल्या पोस्टमध्ये गाडीच्या माथी मारलं होतं, ते मागे घेतो. मागच्या वेळेपेक्षा चढावर निघतानाही गाडी शांत वाटली, कारण मागे कमी बसली होती, पुढचं चाक जमिनीला धरून होतं.

तरीही बायकोने शेवटी हिमालयन सांगितली. तिचे शब्द देतो. "त्या गाडीवर मला तू काय करतोयस ते कळत राहतं, म्हणून मी सावध बसते. या गाडीवर मी बाहेर बघते." केटीएमची मागची सीट तिच्या गुडघ्यांना उंच पडते, ते प्रीलोडने बदलणार नाही. हिमालयनवर पाय थोडे सैल राहतात, मागे हाताशी कॅरिअर आहे. तिला गेल्या वर्षी गुडघ्याचं दुखणं झालं होतं. देवघरच्या काठावर ती हिमालयनवरून उतरली आणि पाण्याकडे बघत मोबाइलवर बगळ्यांचे फोटो काढायला चालत गेली. मी गाडीपाशी उभा होतो, तेव्हाच माझं ठरलं.

एकट्यासाठी घेतली असती तर केटीएम घेतली असती, हे प्रामाणिकपणे सांगतो. हलकी, चपळ, आणि चाकणकरचा तो कॉर्नरिंग एबीएसचा मुद्दा अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यासाठी मी स्वतःला एक बंधन घातलंय: पावसात वरंध डबलसीट करायचा नाही. तो घाट पावसाळ्यात अनेकदा बंदच असतो, पण उघडा असला तरी नाही. ताम्हिणी चालेल, सकाळी, गर्दीच्या आधी, आणि वळणाच्या आधीच ब्रेक संपवून.

ॲव्हरेज कुणीतरी विचारेल म्हणून: दोन्ही शनिवारी फेरीला दहा लिटरच्या आसपास लागलं, माझ्या हाताने फरक नगण्य. हिमालयनच्या गोल स्क्रीनवर गूगलचा नकाशा दिसतो, फार सोयीचा, पण ताम्हिणीत रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

ताम्हिणी_पाऊस

वहिनींचं वाक्य फार आवडलं. माझी आईसुद्धा मागे बसून असंच म्हणाली होती, "तू गप्प असलीस की मला झोप येते." मी तेव्हापासून तिला बोलायला लावते, झोपली तर पडेल.

दादा, बुटकी सीट लगेच घेऊ नका. पाच फूट सहाला ८२५ पुरेल. बुटक्या सीटने गुडघे जास्त दुमडतात, लांबच्या पल्ल्याला त्रास. आधी हजार किलोमीटर करा.

स्पॅनर_१३

ट्यूबलेस चाकं?

सह्यवाट

होय काका, ट्यूबलेस स्पोकच. बिलावर लिहून घेतलंय. सुटी ट्यूब आणि दोन लिव्हर गाडी येण्याआधीच घेऊन ठेवल्यात. काल शोरूमला गेलो तेव्हा मागच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो अर्धा तास. एक मिस्त्री आहेत, सासवडचे, त्यांनी माझी जुनी ४११ बघून विचारलं, "विकताय का सांभाळताय?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाहीये. पुतण्याला गाडी शिकायची आहे, बहुतेक त्याच्याकडे जाईल, धायरीतच राहील.

नवी गाडी पंधरा दिवसांत मिळेल म्हणाले. घराच्या मागच्या मैदानावर सतरंजी टाकून ४११ आडवी पाडून उचलायचा सराव सुरू केलाय. पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी पाठ गाडीला लावल्यावर जमलं. बायकोलाही शिकवलं. दोघांनी मिळून उचलताना तिने सीटची बाजू धरायची, मी हँडल.

गाडी आली की पहिला रविवार पाबे घाट-वेल्हे-केळद. कुणाला यायचं असेल तर या, खडकवासल्याच्या चौपाटीवर सहाला भेटू. एवढंच की केळदच्या अलीकडे त्या बांधापाशी दहा मिनिटं थांबेन. मामांचा पत्रा अजून माझ्या टँकबॅगमध्ये आहे. केटीएम घेऊन गेलो तेव्हा ते खाचरात नव्हते, भात झोडपायला गेले होते म्हणे. बायकोने त्यांच्यासाठी तिळाच्या वड्या करायचं ठरवलंय.

चाकणकर_स्वार

मी येतो. दोन्ही गाड्या बांधावर शेजारी शेजारी लावू. आणि दादा, मामा पत्रा परत घेणार नाहीत. एक माझ्यासाठीही मागून ठेवा.